त्या अधिकाऱ्याची पत्नी

जेवताना विनायकने दुसरी भाकरी मागून घेतली आणि कोकिळाच्या मनात आलं, याला काहीतरी हवं आहे. न कळवता सकाळच्या गाडीने तो आला होता. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या अर्ध्या गल्लीने त्याची बॅग उचलणाऱ्या हमालाच्या मागे चालत त्याला घरापर्यंत पोचवलं होतं. आता तो पँट घालूनच पाटावर बसला होता. मांडी नीट जमत नव्हती, एक गुडघा सारखा वर येत होता आणि तो हाताने तो खाली दाबत होता, पण हसत होता. तिच्या भावजयीने, कमलवहिनींनी, ठेचा वाढला तेव्हा "वा, हे तिकडे कुठलं मिळायला!" म्हणाला. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्याला ज्वारीची भाकरी चालत नसे. पोट जड होतं म्हणायचा. तिची आई त्याच्यासाठी वेगळ्या पोळ्या लाटायची, आणि घरात सगळेच पोळ्या खातात अशा चेहऱ्याने तो त्या खायचा. आता आई नव्हती, आणि हा भाकरी डाळीत कुस्करत होता, बोटं वरपर्यंत भरवून. इतकी वर्षं काट्याचमच्याने जेवलेला माणूस इतकी बोटं भरवत नाही. तो मुद्दाम तसा जेवत होता. कोकिळाला राग आला नाही. उलट, आपल्याकडून काही मिळवायला या माणसाला अजून कष्ट पडतात, या विचाराने आत कुठेतरी गोड वाटलं. मग त्या गोड वाटण्याचीच तिला शरम वाटली आणि ती पाणी आणायला उठली.

"और एक घ्या ना दाजी, लाजून काय राहिले?" तिचा भाऊ प्रकाश आग्रह करत होता. त्याचं चौकात साड्यांचं दुकान होतं. आज तो दुकानात गेला नव्हता. दुकान नोकरावर टाकून तो जावयाच्या शेजारी बसला होता आणि त्याचा चेहरा मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखा दिसत होता. काय ते त्याला आधीच कळलेलं होतं. माजघराच्या उंबऱ्याशी तांब्या घेऊन उभी राहिलेली कोकिळा ऐकत होती. विनायक सांगत होता की परराष्ट्र खात्यात आता सगळं बदलणार. सुरुवातीला घाईघाईने माणसं गोळा केली होती, कुणी फौजेतून, कुणी संस्थानांतून, कुणी वर्तमानपत्रातून. कुणाला कुठे पाठवावं, कोण कुठे सडतोय, कुणाला बढती का मिळत नाही, याचा काही धरबंध नव्हता. म्हणून एक सुधारणा समिती नेमली होती, आणि तिचं सगळं लिखाणकाम गेलं वर्षभर विनायककडे होतं. "आता बायकोला मागे ठेवून एकट्याने फिरायचं नाही," तो म्हणाला. "कुटुंब बरोबर हवं. नसेल तर का नाही, ते विचारणार. मला रोम देतायत, फर्स्ट सेक्रेटरी म्हणून." प्रकाशने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. "ऐकलं का कोकिळे? रोम!" त्याला रोम कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. कोकिळाला ठाऊक होतं. ती शिकवायची त्या तिसरीच्या वर्गातल्या नकाशावर त्या जागी शाईचा डाग होता.

विनायक मुळात वकिलातींमधला माणूस नव्हताच. तो उत्तरेकडच्या एका संस्थानाच्या कचेरीत होता, इंग्रज रेसिडेंटशी पत्रव्यवहार करणाऱ्या शाखेत. लग्न झालं तेव्हा तिथे महाराज होते, हत्ती होते, दसऱ्याला दरबार होता, आणि दोन वर्षांत काहीच उरलं नाही. विलीनीकरण झालं. त्या दिवसांत संस्थानातली माणसं रस्त्यात भेटली की नमस्कार न करता "तुमचं काय झालं?" असं विचारत. कुणी तहसीलदार म्हणून जिरला, कुणी घरी बसला. विनायक रात्रंदिवस इंग्रजी वर्तमानपत्रं मोठ्याने वाचायचा आणि वाचता वाचता मधेच थांबून तिच्याकडे असं बघायचा, जणू ती बसली आहे ती खुर्ची कुणाला तरी परत द्यायची आहे. दिल्लीला मुलाखत झाली. तो निवडला गेला. तेव्हा त्याने तिला उचलून गरगर फिरवलं होतं. त्याच्या अंगाला तेव्हा शाईचा आणि घामाचा वास यायचा. आज सकाळी त्याचा कोट खुंटीला अडकवताना तिने वास घेऊन पाहिला होता. कसल्यातरी साबणाचा थंड वास होता. तिने पुन्हा एकदा घेतला होता.

मग दिल्लीतला तो चहा. नव्या अधिकाऱ्यांना मोठे साहेब सपत्नीक घरी बोलवायचे. चहा म्हणायचे, पण तो बायका बघण्याचा कार्यक्रम असे, हे सगळ्यांना माहीत होतं. विनायकने तिला आठवडाभर वाक्यं पाठ करून घेतली होती. साहेबांच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मुद्दाम हळू इंग्रजीत विचारलं, आणि कोकिळाने पाठ केलेलं वाक्य बरोबर म्हटलं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. त्या हसल्यासुद्धा नाहीत. मान डोलवून पुढच्या बाईकडे वळल्या. मग कुणी तिच्याशी बोललंच नाही. गालिच्यावर बसकी खुर्ची होती, हातात बशी होती, आणि बशी कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. ती परत द्यायच्या निमित्ताने कोकिळा आतल्या दाराशी गेली, तर गरम दूध ओतताना बोट पोळलेला खानसामा स्वतःशीच "अरे बापा, पोयलो ना!" म्हणाला. गावाकडची बोली ऐकून तिने विचारलं, "तुम्ही कुठले?" तो बुऱ्हाणपूरजवळच्या चांदनीचा निघाला, नाव सुकलाल. त्याचा भाऊ तिथल्याच स्टेशनावर रेल्वेचा खलाशी होता. बुऱ्हाणपूरचा मावा-जलेबीवाला, तापीचा पूर, शाहपूरचा बाजार, सगळं त्याला विचारायचं होतं. ती दारात उभी राहून बोलली, हसली. त्या घरातलं तिचं तेवढंच बोलणं. मागे वळली तेव्हा सगळी खोली बघत होती. परतताना दोघं टांग्यात बसली. विनायक म्हणाला, "खानसाम्याशी?" एवढंच.

तिच्याबद्दल कुठेतरी एक शेरा लिहिला गेला. साहेबांनी विनायकला बोलावून समजुतीने सांगितलं की पहिली नेमणूक एकट्याने करा, तोवर बाईंना थोडं इंग्रजी येऊ दे, नाहीतर नोकरीत कायम व्हायला अडचण येईल. विनायकने तेही तिला समजुतीनेच सांगितलं. तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला नाहीतरी माहेरी यायचंच होतं. ती आली आणि राहिली. तो अंकाराला गेला. मुलगी झाली, तिचं नाव कुसुम ठेवलं. त्याने तिकडून गुलाबी लोकरीचं टोपडं पाठवलं. बुऱ्हाणपूरच्या उकाड्यात ते एकदाच घातलं, फोटोपुरतं. दुसऱ्या वर्षी कुसुमला घटसर्प झाला. प्रकाशने तारा केल्या, पोर अत्यवस्थ असताना एक आणि ती गेल्यावर एक. उलट तार आली, येणं शक्य नाही. शेजारच्या सोजरबाईने कोकिळाला धरून ठेवलं होतं, तिच्या छातीत डोकं दाबून. ती म्हणत होती, "सरकारचा मानूस हाय तो, बाई. त्याले कोन सोडंल?" कोकिळाने ते वाक्य धरून ठेवलं. सोडलं नाही त्यांनी. मागितलं असेल, हातापाया पडला असेल, आणि त्या बशीवाल्या, गालिचावाल्या लोकांनी सोडलं नसेल. तिने सगळा राग त्या लोकांवर ठेवला. पुढे तो एकदा रजेवर आला होता. दोन आठवडे राहिला. दोघांपैकी कुणीच कुसुमचं नाव काढलं नाही. काढलं तर याला त्या लोकांनी केलेला अपमान आठवेल, म्हणून ती गप्प राहिली होती. मग त्याची प्रागला बदली झाली. गल्लीतल्या बायका तिला परदेशवाली म्हणू लागल्या, पुढे पुढे तोंडावरसुद्धा. तिने शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं. मुलींच्या मराठी शाळेत लागली. फळ्याजवळ उभं राहिलं की तिचा आवाज मोठा निघायचा, त्याचं तिला पहिल्यांदा नवल वाटलं होतं.

"ताई, जा ना दोघं नदीवर," जेवणं झाल्यावर कमलवहिनी म्हणाल्या. "घरात काय बोलणं होऊन राहिलंय? सगळी गल्ली कान लावून बसली." त्यांनी कोकिळाच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि त्यांचा हात तिथेच जरासा थांबला. वाईट बाई नव्हत्या. एवढी वर्षं त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नव्हता. पण आज त्या गुणगुणत भांडी आवरत होत्या.

तापीवरच्या राजघाटाकडे जाताना विनायक तिच्या बरोबरीने चालत होता. पूर्वी तो चार पावलं पुढे असायचा. शाळा सुटली होती; तिने आज रजा घेतली होती. वर्गातल्या दोनतीन मुली दप्तरं सांभाळत थबकल्या, "बाई, नमस्ते" म्हणून खुसूखुसू हसत पळाल्या. "तू शिकवतेस कशी?" त्याने विचारलं. हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. मुली घरी खान्देशी बोलतात, रस्त्यात हिंदी, आणि पुस्तकातली मराठी त्यांना तिसरीच भाषा वाटते. आता नवं राज्य होणार, राजधानीचं नागपूर सुटणार, आपली शाळा मराठी राहते की हिंदी होते ते कुणाला ठाऊक नाही. तो लक्ष देऊन ऐकत होता. उन्हं उतरली होती, त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले तिला दिसले, आणि सकाळपासून आत दाबून ठेवलेलं काहीतरी सैल होऊ लागलं. जाऊ या, तिला वाटलं. कुठेही जाऊ. इतक्या वर्षांनी हा आला तर आहे. रोममध्ये नदी असेल. एक बाजार असेल, भाजी निवडून घ्यायची असेल. शिकेन मी, फळ्याजवळ आवाज निघतो तसा तिथेही निघेल. ती चालता चालता मनातल्या मनात ट्रंक भरू लागली. वहिनींना काय द्यायचं, सोजरबाईला काय.

"दिल्लीला एकदा चहाला जावं लागेल," तो म्हणाला. "समितीच्या अध्यक्षांकडे. घाबरू नकोस, आता तसं काही राहिलेलं नाही. फक्त रीत म्हणून."

"बरं," ती म्हणाली. तेही तिला चालणार होतं.

घाटाच्या पायऱ्यांवर दोघं बसली. पाणी खाली गेलं होतं. पलीकडे कुणीतरी केळीचे घड उतरवत होतं. विनायक खालच्या आवाजात म्हणाला, "कुठे ठेवलं होतं तिला?" कोकिळाने हात करून दाखवलं, नाल्याच्या तोंडाशी, बाभळींच्या अलीकडे. तीही तिथे गेलेली नव्हती. प्रकाश आणि दोन शेजारी तिला पुरायला घेऊन गेले होते, आणि नंतर कधीतरी प्रकाशने इथूनच बोट करून दाखवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात तो काठ खचला. आता तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बोट धरून राहिली आणि तो त्या बोटाच्या दिशेने बघत राहिला. त्याने तिचा हात हातात घेतला. उघड्यावर, चार माणसांत. तिने घेऊ दिला.

"मला तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "घरात सगळ्यांसमोर नव्हतं सांगायचं. समितीच्या अहवालात एक कलम आहे. ते माझं आहे, मी घालायला लावलं. यापुढे परदेशात असलेल्या अधिकाऱ्याचं मूल गंभीर आजारी असेल किंवा दगावलं, तर त्याला सरकारी खर्चाने ताबडतोब घरी पाठवायचं. कायम झालेला असो नसो. वित्त खातं अडून बसलं होतं. मी टिपणी लिहिली. आपली हकीकत लिहिली, कोकिळा. अध्यक्षांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. खोलीत कुणी बोलेना. कलम मंजूर झालं." त्याने तिचा हात दाबला. "आता ही वेळ कुणावर येणार नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं हाही ते बरोबर घेऊन फिरत होता. "नाव लिहिलंत तिचं?" तिने विचारलं.

"टिपणीत नावं नसतात गं. 'एक अपत्य' असं लिहितात. 'एका अधिकाऱ्याच्या बाबतीत' असं."

"हो, तसंच असेल," ती म्हणाली. "आणि त्यांनी तुम्हांला सोडलं नाही, ते? ते वाचताना लाज नाही वाटली कुणाला?"

"तोच तर मुद्दा होता," विनायक म्हणाला. तो सरसावून बसला. तिचा हात त्याच्या हातात होता, पण आता तो समोरच्या पाण्याशी बोलत होता, नीट, शब्द निवडून. "वित्त खात्याचं म्हणणं, अशी मागणी कधी आलीच नाही, मग नियम कशाला? मी लिहिलं, मागणी येत नाही कारण नियम नाही. त्या अधिकाऱ्याने रजा मागितलीच नाही. नुकता लागलेला, अजून कायम न झालेला माणूस. मागितली तर आपल्याबद्दल काय मत होईल, या धास्तीने तो गप्प बसला. म्हणजे दोष त्या अधिकाऱ्याचा नाही, व्यवस्थेचा आहे. हे त्यांना पटलं."

केळीवाल्यांनी काहीतरी ओरडून एकमेकांना सांगितलं. कोकिळाला ते ऐकू आलं, पण फार लांबून. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, ऐकलं. आपल्या हाताला घाम आला आहे की त्याच्या, ते तिला कळेना.

"तुम्ही मागितलीच नाही," ती म्हणाली.

तो थांबला. टिपणीतून बाहेर यायला त्याला क्षणभर लागला. "मिळाली नसती, कोकिळा."

"मागितली नाही."

"नियमच नव्हता! कुणाकडे मागायची? तिथे राजदूत असे होते, की... तुला तिथलं माहीत नाही. एक शब्द बोललो असतो तर परत पाठवलं असतं, कायमचं. मग? संस्थान तर गेलेलं. काय केलं असतं आपण?" तो बोलत राहिला आणि त्याचं एकेक वाक्य खरं होतं. तिला ते खरं आहे हे कळत होतं. आधीचं सगळं गेलेला, नव्या जागी श्वाससुद्धा मोजून घेणारा तो तरुण माणूस तिला दिसत होता. तार खिशात घालून तो कचेरीत गेला असेल, दिवसभर बसला असेल, कुणाला काही सांगितलं नसेल. त्या माणसाची तिला कीव आली. पण तिने इतकी वर्षं जो माणूस जपला होता, हातापाया पडणारा, झिडकारला गेलेला, तो तिथे नव्हताच. तिच्या लेकीसाठी कुणी कुणाच्या दारात गेलंच नव्हतं. आणि आता, कुणालाच काही परत मिळणार नाही तेव्हा, हा सगळ्यांसमोर उभा राहून तिचं मरण इतकं छान बोलला होता की खोली गप्प झाली होती. त्या कलमामुळे उद्या कुणीतरी वेळेवर घरी पोचेल, हेही तिला दिसत होतं. ते चांगलंच होतं. तेच तिला सहन होईना.

"मला नाव माहीत नाही असं वाटतं का तुला?" तो एकदम म्हणाला. "कुसुम. कुसुम, कुसुम." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडू लागला, खांदे हलवत, लहान मुलासारखा. तो खरंच रडत होता. वर जाणाऱ्या एका म्हातारीने थांबून दोघांकडे पाहिलं. कोकिळाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला होता. हात पायरीवर तसाच पडून राहिला.

परत जाताना दिवे लागले होते. चौकाच्या अलीकडे त्याने विचारलं, "मग येशील ना?"

"नाही."

"का पण? कारण?"

"कारणही लिहून द्यावं लागतं का?"

"कोकिळा, मी तिकडे काय सांगू?"

"तुम्हांला सांगता छान येतं," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा मोठा आणि स्वच्छ निघाला. "सांगा, त्या अधिकाऱ्याची पत्नी आली नाही. म्हणावं, आधी कधी कुणी तिला विचारलंच नव्हतं, म्हणून आजवर तिला नाही म्हणता आलं नव्हतं."

तो त्याच रात्रीच्या गाडीने गेला. प्रकाश त्याला पोचवायला गेला आणि आल्यावर बहिणीसमोरून सरळ झोपायला निघून गेला. कमलवहिनींनी तिचं पान वाढलं, आणि समोर न बसता चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "ताई, मेलेल्या पोरीपायी जित्या संसाराला लाथ मारली तुम्ही." कोकिळाने पान पुढे ओढलं.  आपण केलं ते तिला स्वतःलाही पुरतं पटलेलं नव्हतं. तिला फक्त खूप थकवा आला होता, आणि उद्या तिसरीला भागाकार शिकवायचा होता, एवढं आठवत होतं.

सकाळी ती शाळेत पोचली तेव्हा मुख्याध्यापिका मोठ्या बाई दारातच भेटल्या. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. "या, या! सांगितलं हो प्रकाशभाऊंनी. काल संध्याकाळी घरी येऊन पेढे देऊन गेले. नशीब काढलंत बाई तुम्ही!" कोकिळा बघत राहिली. काल संध्याकाळी. म्हणजे ती घाटाच्या पायरीवर बसली होती तेव्हा. "वर्ग रिकामा राहायला नको म्हणून दिगंबर मास्तरांच्या अलकाला आजपासूनच बोलावून घेतलं. केव्हाची बसून होती बिचारी. शाळा कमिटीच्या लोकांना रात्रीच विचारलं, त्यांनाही पसंत पडली."

"मी जात नाही," कोकिळा म्हणाली.

मोठ्या बाईंचं हसू लगेच मावळलं नाही. "असं कसं? आता तर सगळं ठरून गेलं ना. तिला शब्द दिलाय." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, हार दुसऱ्या हातात घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "नेत नाहीत का ते?"

कोकिळा त्यांच्या बाजूने आत गेली. व्हरांड्यात मुलींचा गलका ऐकू येत होता. तिसरीच्या दाराशी ती आली तेव्हा फळ्याजवळ अलका उभी होती, नवी कोरी पांढरी साडी, हातात खडू, कानापर्यंत लाल झालेली. काल संध्याकाळपासून ही पोर झोपली नसेल. फळ्यावर तिने तारीख लिहिली होती, सुवाच्य, ओळीत. कोकिळा टेबलाशी गेली, खुर्ची ओढली आणि बसली. मुली उठून उभ्या राहिल्या. कुणी कोकिळाकडे बघत होती, कुणी फळ्याकडे. "नमस्ते बाई" अर्ध्या जणी म्हणाल्या आणि मधेच थांबल्या.

"बसा," कोकिळा म्हणाली.

"बसा," त्याच वेळी अलकाही म्हणाली, आणि मुली तशाच उभ्या राहिल्या.